होळी आणि ३१ मार्च

मंजुरीचं पत्र जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हाती पडलं. त्याच संध्याकाळी मी मोखाडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या सरांना फोन लावला. म्हटलं, "सर, पैसे आले. सोमवारी येते, नववीचा वर्ग बसवून ठेवा." पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग सर म्हणाले, "ताई, तुम्ही या. पण वर्ग कुठून बसवू? पोरं भट्टीवर गेली."

सोमवारी गेले. हजेरीपटावर ४१ नावं होती आणि बाकांवर १७ मुलं. दिवाळी झाली, भात झोडून झालं, खळं उठलं की जव्हार-मोखाड्यातली घरंच्या घरं निघतात. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं आणि आश्रमशाळेत नाव असलेली मुलं. होळीला सगळे परततात, कारण होळी हा इथला सगळ्यांत मोठा सण. होळी झाली की बरेचजण पुन्हा कामावर जातात ते मृगाच्या तोंडावर पेरणीला येतात.

आमच्या पत्रात लिहिलं होतं की संपूर्ण रक्कम ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावं. म्हणजे माझ्या हातात अकरा आठवडे होते, पैसे होते, आणि ज्यांच्यासाठी ते मागितले होते त्यांतली निम्म्याहून अधिक मुलं विटा थापत होती.

आमचं काम सांगायला सोपं आहे. आठवी-नववीची मुलं आणि त्यांना विज्ञान शिकवणारे शिक्षक यांना कर्करोगाच्या संशोधनाची ओळख करून द्यायची. रोगाची माहिती हा त्यातला लहानसा भाग. पेशी म्हणजे काय, ती बिघडते म्हणजे काय होतं, बिघाड शोधणारा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतो, कसं मोजतो, कुठे चुकतो आणि ती चूक कशी पकडतो, हे मुलांनी स्वतःच्या हातांनी करून पाहावं एवढीच इच्छा.

पहिल्याच वर्षी जव्हारमधल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला बसवून विचारलं, "बाई, इथे कुपोषण अजून संपलेलं नाही, आणि तुम्ही कॅन्सरचं संशोधन शिकवणार?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हार तालुक्याचं नाव देशभर झालं, तेव्हापासून हा माणूस पाड्यांवर हिंडत आलेला. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. पुढे ते मिळालं कमल रणदिवे यांच्या आयुष्यात.

पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या या बाई मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली संशोधक झाल्या. १९४९ साली पीएच. डी. मिळवली, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या. १९५२ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर जगवून वाढवण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या, १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या कुठे गेल्या? अकोले तालुक्यात, आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला. इगतपुरी ओलांडली की अकोले. आमच्या मोखाड्यासारखंच डोंगराचं, भाताचं, नागलीचं. पेशी मोजणाऱ्या बाई मुलांच्या पोषणाची मोजदाद करू लागल्या. त्यांनी स्वतः या दोन कामांत भिंत उभी केली नाही, मग मी का करावी? त्या कार्यकर्त्यांना मी हे वर्षभराने सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग मोजायला शिकवा. आमच्याकडे नोंदी नीट कोणी ठेवत नाही, हेच तर मोठं दुखणं आहे."

शिक्षकांची पहिली बैठक मला लख्ख आठवते, कारण तिथे माझा एक मोठा गैरसमज गळून पडला. मी धरून चालले होते की शाळांत सूक्ष्मदर्शक नसतील. बहुतेक शाळांत ते होते. लोखंडी कपाटात, कुलपात. एका बाईंनी सांगितलं, "मॅडम, तो जडसंग्रह नोंदवहीत आहे. फुटला तर माझ्याकडून भरून घेतील. मुलांच्या हातात कसा देऊ?" बाईंचं चुकत नव्हतं. कपाट उघडून पाहिलं तर यंत्र नव्यासारखं, पण भिंगावर बुरशीचं जाळं. जव्हारचा पाऊस चार महिने भिंतीसुद्धा ओल्या ठेवतो. बंद कपाटात भिंग टिकेल कसं? पुढे एका सरांनी यावर स्वतःच इलाज काढला. गावातल्या चपलांच्या दुकानातून खोक्यांत येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या मागून आणल्या आणि स्टीलच्या पिठाच्या डब्यात भिंगं त्या पुड्यांबरोबर ठेवली. त्यांची भिंगं तीन पावसाळे स्वच्छ राहिली. ही युक्ती आता आमच्या सगळ्या शाळांत चालते आणि तिला खर्च शून्य आहे.

दुसरी गोष्ट त्याच बैठकीत कळली, ती अधिक जिव्हारी लागली. आश्रमशाळांतले कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. अशा शिक्षकाला मी दोन दिवसांच्या कार्यशाळेला बोलावते तेव्हा त्याचे दोन दिवसांचे पैसे बुडतात, वर जीपचं भाडं त्याच्या खिशातून. आम्ही चहा, जेवण, फोल्डर, पेन दिलं होतं. त्याच्या बुडालेल्या तासांचं काय, हे आमच्या अंदाजपत्रकात कुठेच नव्हतं. पहिल्या दिवशी आलेले दोन सर दुसऱ्या दिवशी आले नाहीत, आणि मी मनात त्यांना निरुत्साही ठरवून मोकळी झाले होते. ते मला आजही खटकतं.

आता एक सकाळ सांगते. जव्हार तालुक्यातली एक आश्रमशाळा, जुलैचा महिना, बाहेर धुवांधार. वीज नव्हती. सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून जेवढा उजेड मिळेल तेवढ्यावर काम चाललं होतं. प्रत्येक मुलाने स्वतःची नवी काडी घ्यायची, चूळ भरायची, गालाच्या आतून काडी अलगद फिरवायची, ती काचपट्टीवर टेकवायची. त्यावर मिथिलीन ब्लूचा एक थेंब, वर पातळ काच, जास्तीचा रंग टिपकागदाने टिपून घ्यायचा. नववीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली. आधी तिला पापणीचे केसच दिसत होते. मग हवेचा बुडबुडा, काळ्या कडेचा, त्यालाच ती पेशी समजली. सरांनी पट्टी केसभर सरकवली. ती एकदम स्तब्ध झाली. निळसर, वेड्यावाकड्या काठाची चकती, एका बाजूने दुमडलेली, मधोमध गडद ठिपका. शेजारी तशीच आणखी एक. ती डोळा न काढता म्हणाली, "सर, ही माझी आहे?" सर म्हणाले, "तुझीच." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "आजी मिश्री लावते. तिच्या गालातली पण अशीच असेल का?"

ज्या घरांत मिश्री आहे तिथे सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास सुटतो. काळी होईपर्यंत भाजायची, चोळून पूड करायची आणि दातांना लावायची. बाया सांगतात, दात दुखायचे थांबतात, भूक मरते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखूचं सेवन करतात असं आढळलं. हा आकडा त्या वर्गात फळ्यावर लिहिलेला होता. पण मुलीच्या प्रश्नाला तो आकडा उत्तर देत नव्हता. सरांनी मला त्या दिवशी फार मोठं काहीतरी शिकवलं. ते म्हणाले, "मला माहीत नाही. हा प्रश्न घेऊन माणसं आयुष्यभर बसतात. तू वहीत लिही." तिने लिहिला. दुसऱ्या दिवशी ती आजीच्या गालातलं आणायला काडी मागू लागली. आम्ही नाही म्हटलं आणि का नाही ते बसून सांगितलं. दुसऱ्याच्या शरीरातलं काही घ्यायचं तर आधी त्याला समजावावं लागतं, त्याची संमती लागते, आणि काही वेगळं दिसलं तर पुढे काय करायचं याची तयारी लागते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली निदान होत नाही. आजीला तोंड तपासायला आरोग्य उपकेंद्रात घेऊन जा, तिशीच्या पुढच्या माणसांची तोंडाची तपासणी तिथे होते, हे सांगितलं. आजी उपकेंद्रात जाऊन आल्या. तपासणीत काही निघालं नाही. मुलीने तारीख घालून तेही वहीत लिहिलं.

कर्करोग म्हणजे काय हे शिकवताना आम्ही मुंबईहून आणलेली चित्रं दाखवत होतो. तीही उपयोगी पडली, पण वर्गात खरा उजेड पडला तो कोकणा समाजातल्या एका सरांच्या बोलण्याने. ते म्हणाले, "आपण आवणी करतो. रोप आपल्या खाचरात वाढतं, बांधापाशी थांबतं. एखादं तण खाचरात माजलं पण बांधाच्या आत राहिलं, तर ते उपटता येतं. ती साधी गाठ. पण तण बांध फोडून शेजारच्या खाचरात शिरलं, पाण्याबरोबर खालच्या शेतात गेलं, तर?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मग सगळं रान बघायला लागतं." आक्रमण आणि प्रसार या दोन्ही कल्पना मुलांना एका मिनिटात समजल्या. हे रूपक कुठल्याही पुस्तकात नव्हतं. म्हणून मी म्हणते, पैसा शिक्षकावर लावा.

दुसरा प्रयोग दोरीचा. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. मुलांनी नायलॉनची दोरी घेतली, दर मीटरला गाठ मारली आणि मोजायला निघाली. पहिल्याच वळणावर भांडण. शाळा टेकाडावर, रस्ता वळणावळणाचा. एक गट म्हणे रस्त्याने मोजायचं, दुसरा म्हणे सरळ. मी त्यांना उत्तर दिलं नाही. नियमांचा कागद आणून दिला. त्यात लिहिलं आहे की अंतर कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ मोजायचं. म्हणजे नियम करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आला होता! मुलांना याचा जो आनंद झाला तो बघण्यासारखा होता.

मग त्या वर्तुळात पडलेल्या तंबाखूच्या पुड्या मोजल्या. दोन गटांचे आकडे जुळेनात. शोधलं तर एका गटाने फाटलेल्या पुडीचे दोन तुकडे दोन धरले होते. मुलांनी स्वतः ठरवलं, पुडीचा वरचा चिकटवलेला काठ असेल तरच एक धरायची. परत मोजलं, जुळलं. त्या पट्ट्यातलं एक दुकान वर्गातल्याच एका मुलाच्या काकांचं निघालं. तो मुलगा गप्प झाला. मुलांनीच सुचवलं की दुकानांची नावं लिहायची नाहीत, क्रमांक द्यायचे. संशोधनात व्याख्या का लागते आणि नावं का झाकतात, हे दोन धडे मी शहरातल्या महाविद्यालयांत व्याख्यानं देऊन इतके खोल रुजवू शकले नव्हते.

अशा तऱ्हेचं निरीक्षण ही आपल्याकडच्या कर्करोग संशोधनाची जुनी वाट आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगते. डॉ. खानोलकरांनी १९४५ च्या सुमाराला लिहिलं ते आपल्या लोकांच्या सवयींबद्दल. कमरेला धोतर घट्ट आवळलं जातं त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, तंबाखू-चुना ओठाच्या खाचेत धरून ठेवणाऱ्यांना त्याच जागी होणारा कर्करोग. कोण काय नेसतं, काय कुठे धरतं हे बघणारा डोळा आधी, यंत्र नंतर.

आता पैशाचं बोलते, कारण या कामातली माझी अर्धी वर्षं त्यातच गेली.

त्या पहिल्या जानेवारीत मी काय केलं? वीस नवे सूक्ष्मदर्शक घेतले. मुलं नव्हती, शिक्षक पहिली ते दहावीचा अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत होते, आणि रक्कम परत गेली तर पुढच्या वर्षी कोणी दारात उभं करणार नाही ही भीती. वस्तू घेतली की पावती मिळते, फोटो मिळतो, हिशेब बंद होतो. मार्चअखेर आमचे कागद चोख होते. जूनमध्ये फिरले तेव्हा वीसपैकी बहुतेक यंत्रं खोक्यातून बाहेर आली नव्हती. ती जडसंग्रहात चढली होती एवढंच. हा निर्णय माझा होता. त्याच पैशांत वर्षभर शिक्षकांचे बुडालेले तास भरता आले असते, पण तसं कलम मी अर्जात मागितलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी मागितलं. एका कंपनीच्या सामाजिक निधीच्या बैठकीत मला विचारलं गेलं, "मानधन कशाला? शिक्षकांना पगार असतो ना? आणि प्रति लाभार्थी खर्च इतका का?" मी तासिकेचं समजावून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "एका दिवसात दोन हजार मुलांचं शिबिर करता येईल का?" येईल. मैदानात बसवून कर्करोगावर भाषण देता येईल, शपथ घेता येईल, फलकासमोर फोटो काढता येईल. पण दोन हजार मुलं एका दिवसात काडीवरची पेशी पाहू शकत नाहीत. मी नकार दिला आणि ते वर्ष आम्ही ओळखीच्या लोकांच्या छोट्या देणग्यांवर काढलं.

त्या नकारानंतर मी कायदा वाचायला बसले. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. हे सगळ्यांना ठाऊक असतं. फारसं ठाऊक नसतं ते असं की २०२१ च्या नियमांत बहुवार्षिक प्रकल्पाला स्पष्ट जागा आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन वर्षं तो चालू शकतो, आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. म्हणजे जानेवारीत मंजूर झालेला पैसा जूनमध्ये, मुलं परत आल्यावर, खर्च करायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती सवयीची. हा मुद्दा मी छापून प्रत्येक बैठकीला घेऊन जाते. दोन ठिकाणी तो मान्य झाला, तिथून आमचं वर्ष जूनला सुरू व्हायला लागलं.

सरकारी योजनाही आहेत. 'इन्स्पायर-मानक' मध्ये निवडलेल्या शाळकरी मुलाच्या खात्यात नव्या कल्पनेसाठी १०,००० रुपये येतात, आणि आमच्या सरांनी काही मुलांचे अर्ज भरलेसुद्धा. पण ती रक्कम मुलाची, त्याच्या एका कल्पनेसाठी. शिक्षकाला घडवायला वर्षं लागतात, त्याला पैसे वेगळे लागतात.

बाहेरच्या जगात हे कोणी ओळखलंय का? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने 'यूथ एन्जॉय सायन्स' नावाचा कार्यक्रम उभा केला तो सहावी ते बारावीची मुलं, पदवीचे विद्यार्थी आणि शाळांचे शिक्षक यांच्यासाठी. ज्या समाजांतून संशोधक फारसे येत नाहीत तिथली मुलं त्यात घ्यायची, आणि एकेका प्रकल्पाला पाच वर्षांपर्यंत निधी मिळायचा. तो वाचला तेव्हा मला पैशाच्या आकड्यापेक्षा त्या पाच वर्षांचा हेवा वाटला. सहावीत आलेली मुलगी अकरावीला जाईपर्यंत कोणीतरी तिच्याबरोबर आहे.

आणि आपल्याकडे? लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट झाला आणि त्यातून रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला जगभर पैसे जाऊ लागले. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चं. ट्रस्ट त्याच्याही आधीचा, आणि आजही चालू. कारण तिथे मूळ ठेव ठेवली आणि काम तिच्या उत्पन्नावर चाललं. मेहेरबाईंच्या पतीने आपल्या दुःखातून दिलेला पैसा इतकी दशकं संशोधकांच्या कामी येतोय. मला राहून राहून वाटतं, शाळकरी मुलांच्या संशोधन-शिक्षणासाठी अशी एखादी ठेव का असू नये? पालघर जिल्ह्याला याचं वावडं नसावं. इथेच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणात नेली. इथेच तारापूरला १९६९ पासून अणुवीज निर्माण होते, आणि तारापूर ज्या अणुऊर्जा विभागाचं, त्याच विभागाखाली टाटा मेमोरियल सेंटरही आहे. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात कारखाने आहेत. कायदा म्हणतो, आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या. जव्हार-मोखाडा त्यांच्याच जिल्ह्यात आहे, फक्त घाट चढून यावं लागतं.

बैठकीत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "यांतली किती मुलं शास्त्रज्ञ होतील?" याचं उत्तर देताना मी मुंबईतल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगते. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अभ्यासली. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच प्रकार, बोळ्याने लावायचं आणि थोडा वेळ थांबायचं. बिघडलेला भाग पांढुरका दिसतो. हे काम केलं ते डॉक्टरांनी नाही. किमान दहावी शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी केलं. ज्या गटात दर दोन वर्षांनी अशी तपासणी झाली, तिथे या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. या अभ्यासाला पैसा अमेरिकेच्या त्याच नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा होता. ग्रामीण भागात, बार्शीच्या डॉ. नेने यांनी ज्यात काम केलं त्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तो २००९ साली प्रसिद्ध झाला.

दहावी शिकलेल्या, नीट बघायला आणि नीट लिहायला शिकलेल्या बाईच्या हातात एवढी ताकद आहे. माझ्या वर्गातल्या मुलींना तिथपर्यंत पोचायला एक-दोन इयत्ता बाकी असतात. त्यांतली एखादी खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात संशोधक होईल, काही परिचारिका होतील, आशा कार्यकर्त्या होतील, बऱ्याचजणी घरी असतील. ज्या घरी असतील त्यासुद्धा सासूच्या तोंडातला न भरणारा व्रण पाहून पंधरा दिवसांत दवाखाना गाठतील. बैठकीत मी असं बोलते आणि मग खोली शांत होते. काही वेळा त्यानंतर पैसे मिळतात, काही वेळा मिळत नाहीत.

एका वर्षी आम्ही मुलांना घेऊन खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, गेलो. विद्यार्थ्यांसाठी तिथे खुला दिवस असतो. पहाटे चारला जव्हारहून बस निघाली. घाटात निम्मी मुलं ओकली, भिवंडीच्या अलीकडे वीटभट्ट्यांच्या रांगा दिसायला लागल्या तसा एक मुलगा खिडकीला चिकटला. त्याची आई तिथेच कुठेतरी होती. केंद्रात पेशी वाढवण्याचं पात्र, उणे तापमानाची शीतपेटी, सगळं त्यांनी पाहिलं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मोठ्या शाळांची मुलं जनुकांबद्दल विचारत होती. आमच्यातली ती गालाच्या पेशीवाली मुलगी उठली आणि तिथल्या संशोधक बाईंना म्हणाली, "मॅडम, तुम्हाला पगार कोण देतं?" सभागृहात थोडी खसखस झाली. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "सरकार देतं. म्हणजे लोकांच्या करातून येतो. तुझी आई काडेपेटी घेते ना, तिच्यावरही कर असतो. तेव्हा थोडा तूही देतेस."

परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ वही उघडून बसली होती. तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, मागितलंही नाही. पण पुढच्या महिन्यात सरांनी सांगितलं की ती आता वर्गात प्रत्येक गोष्टीला विचारते, याचे पैसे कोणी दिले. फळ्याचे, पुस्तकांचे, माझ्या कार्यशाळेचेसुद्धा. मी तिला आमचं अंदाजपत्रक दाखवलं, सगळी कलमं वाचून दाखवली. ती 'तासिका भरपाई' या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "हे आमच्या सरांचं." मी म्हटलं, हो.

यंदाची कार्यशाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात मोखाड्याला आहे. जागा मिळाली आहे, भिंगं डब्यांतून काढून पुसून झाली आहेत, पेरणीला माणसं परतली की मुलंही येतील. तासिका तत्त्वावरच्या सहा शिक्षकांच्या दोन दिवसांच्या तासांचे पैसे अजून जमायचे आहेत. ज्यांना द्यावेसे वाटतात त्यांनी ते यंत्रांसाठी देऊ नयेत, या सहा जणांसाठी द्यावेत, आणि जमलं तर पुढच्या वर्षीही द्यावेत.